पाचव्या बोटाचा कापूस

ओसाका,
४ मार्च १९७९

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

काका कसे आहेत? हे मी पत्राची रीत म्हणून विचारत नाही. हा प्रश्न मलाच विचारला गेला आहे, आणि खरं सांगते, मला त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

झालं असं. काका या वेळी नगराध्यक्षपदाला उभे राहताहेत हे आमच्या कचेरीचे मालक सेनो साहेब यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. म्हणाले, घरात जाहिरातीचं काम करणारी पोरगी असताना तुझ्या काकांनी नुसत्या चांगुलपणावर लढाईला का जावं? रोज काम संपल्यावर तासभर बसू, मी काही घेणार नाही, मलाही एकदा माणसाची जाहिरात करून बघायची आहे. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि मला सांगितलं, तू त्या घरात वाढलीस, तर तुझे काका कसे आहेत ते एका ओळीत सांग.

काकू, मी रोज साबणावर ओळी लिहिते, पंख्यांवर लिहिते, गेल्या आठवड्यात तर खोकल्याच्या गोळ्यांवर चार लिहिल्या. पण काकांवर एकही सुचेना. डोळ्यांपुढे नुसत्या वस्तू यायला लागल्या. लाकडाच्या गिरणीतून आल्यावर त्यांच्या भुवयांवर बसलेला देवदाराचा भुसा. फळ्यांच्या तुकड्यांवर तापवलेलं न्हाणीचं पाणी. माझे आईबाबा गेले त्या हिवाळ्यात मला पाठुंगळी घेऊन नदीवरून तुमच्या घरी आणताना त्यांचा चुकलेला आणि पुन्हा सावरलेला पाय. आणि त्यांच्या हातांवर मी शिकलेले आकडे. आठवतं ना, शाळेत बाईंनी विचारलं, माणसाला बोटं किती, आणि मी ठणकावून नऊ सांगितलं होतं? सगळा वर्ग हसला. फक्त गिरणीवाल्यांची मुलं हसली नव्हती, त्यांना त्यात चूक दिसेना.

हे सगळं एका ओळीत कसं बसवू? साहेब म्हणाले, मग फोटो मागव, फोटो बोलतील. तेव्हा घरात असतील तेवढे पाठव. वरच्या खोऱ्यातली शाळा बंद करायचं ओकुनो नगराध्यक्षांनी पक्कं केलंच आहे का, तेही कळव. त्याच शाळेतून मी इथवर आले. आपल्या घरातली पहिली पदवी त्या दोन खोल्यांतून निघाली. काका तिच्याचसाठी उभे आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून हे काम मला कचेरीतल्या कुठल्याही कामापेक्षा मोठं वाटतं.

मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेले तुझे भाताचे गोळे स्वप्नात येतात. इथे मिळतात, पण पान पातळ असतं. उत्तर लवकर धाड, आणि लांब असले तरी जवळचीच समज.

तुझी,
सायो

&nbsp;

मित्सुसे,
९ मार्च १९७९

चि. सायो हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे काका कसे आहेत ते मी एका ओळीत सांगते. जेवताना बोलत नाहीत आणि बोलायला लागले की जेवत नाहीत. चालेल का बघ तुझ्या साहेबांना. नाही चालली तर म्हणावं, तीस वर्षं संसार करून हिला एवढीच ओळ मिळाली, तुम्हाला तासाभरात काय मिळणार?

फोटो सोबत पाठवलेत. फार नाहीत. लग्नातल्या फोटोत ते माझ्याकडे न बघता फोटोवाल्याच्या चपलांकडे बघताहेत. पुलाच्या उद्घाटनातल्या फोटोत अर्धे झाकले गेलेत. हसतानाचा एकच आहे, त्यात सोन्याचा दात असा चमकतोय की बाकी माणूस दिसत नाही. तुझ्या पदवीच्या दिवशीचा मात्र मी देणार नाही. तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय आणि तिथून हलायचा नाही. त्यात ते रडलेत, हे तुला मला ठाऊक, मतदारांना कशाला?

शाळेचं विचारलंस. ओकुनो साहेब निवडून आले की पुढच्या वर्षी कुलूप. पोरांना बसने खाली आणणार म्हणे. बर्फात बस किती दिवस वर जाते ते ओकुनो साहेबांनी कधी बघितलंय? त्यांची गाडी त्याआधीच गॅरेजात जाते.

आता एक गंमत ऐक, म्हणजे आधी मला गंमत वाटली. पेपरात दोन्ही उमेदवारांचे फोटो आले. ओकुनो साहेब टेबलाशी, पाठीमागे पुस्तकांचं कपाट. त्या कपाटाची किल्ली हरवून किती वर्षं झाली ते त्यांच्या घरची बाईच सांगते. आणि आपले हे सहकारी मंडळाच्या खोलीत चहा पिताना. कपाभोवती हात, आणि हात नेमका पुढे. वर लिहिलंय, गिरणीतला माणूस. वाईट शब्द एक नाही. पण वाण्याकडे मी मुळा निवडत होते, तर टेकडीवरच्या नव्या वसाहतीतली एक बाई जवळ आली आणि हळूच विचारते कशी, तुमचे यजमान पूर्वी ओसाकात कुठल्या टोळीत होते का हो?

अगं, मी इतकी हसले की मुळा हातातून पडला. त्या धरणाच्या कामावर बाहेरून आलेल्या. करंगळी नसलेला माणूस त्यांनी फक्त टीव्हीवरच्या सिनेमात बघितलेला, म्होरक्यापुढे बोट कापून ठेवणारा. पण घरी येताना चढावर माझं हसू गेलं. वसाहतीत माणसं पुष्कळ आहेत, सायो. गावाच्या निम्म्याला आली असतील.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, निदान घाबरून तरी मत देतील. मग पेज संपवली. आणि भांडी उचलताना म्हणाले, एका बोटापायी शाळा गेली तर बोट फार महाग पडलं म्हणायचं.

तू काही करता येईल तर बघ. आणि जेवणाकडे लक्ष दे, तू नव्या वर्षाला पाठवलेल्या फोटोत गळ्याची हाडं दिसतात. पोस्टातल्या त्या मुलाबद्दल मी या पत्रात काही विचारलेलं नाही, हे ध्यानात घे. पुढच्या पत्रात विचारीन.

तुझी,
काकू

&nbsp;

ओसाका,
१५ मार्च १९७९

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

पोस्टातल्या मुलाची दुसऱ्या शहरात बदली झाली. न विचारलेल्याचं उत्तर दिलं, आता पुढच्या पत्रात जागा मोकळी ठेव.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी ते तसंच सेनो साहेबांपुढे ठेवलं. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, लोक जे बघतात तेच त्यांना खरं वाटतं, त्यांच्यावर चिडून काय होणार, त्यांना दुसरं काही दाखवू. त्यांनी दोन वाटा सांगितल्या.

पहिली अशी, की बोट गेल्याची एक गोष्ट सांगायची. करवतीत कुणाचा तरी हात सापडत होता, काकांनी त्याला ओढून काढलं आणि त्यात स्वतःचं बोट गेलं. साहेब म्हणाले, अशी गोष्ट ऐकल्यावर ज्याच्याकडे सगळी बोटं आहेत त्या उमेदवाराला लाज वाटेल. मी म्हटलं, पण असं झालं होतं का ते मला माहीत नाही. काकू, नक्की कसं झालं होतं गं? इतकी वर्षं त्या हाताने मला भरवलं, पण मी कधी विचारलंच नाही. तो हात तसाच असतो असं वाटायचं.

दुसरी वाट सोपी आहे. प्रचारात सगळेच उमेदवार पांढरे हातमोजे घालतात. काकांनीही घालायचे, आणि उजव्या मोज्याच्या करंगळीत कापूस भरायचा. कुणाला वेगळं काही वाटणार नाही. पोस्टरवर नुसता चेहरा ठेवू, ओठ मिटलेले, म्हणजे दाताचाही प्रश्न सुटला. आणि गाडीवर दोनच शब्द. स्वच्छ हात. हे शब्द माझे आहेत. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, आता तुला जमायला लागलं.

मला ते शब्द आवडले, काकू, कारण ते खरे आहेत. ओकुनोंच्या धरणाच्या ठेक्यांबद्दल गावात जे बोलतात ते काकांबद्दल कुणी बोलू शकेल का? म्हणून कापसाचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पांढऱ्या मोज्यांच्या सहा जोड्या तयार करून पाठवते आहे. काकांना घालून बघायला सांग.

काळजी करू नकोस. करायचीच असली तर थोडी माझ्या वाट्याला ठेव.

तुझी,
सायो

&nbsp;

मित्सुसे,
२९ मार्च १९७९

चि. सायो हिस,
अनेक आशीर्वाद.

मोजे मिळाले. तुझं शिवण सुधारलंय. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बोट कसं गेलं? शिंक आली. बास. देवदाराचा भुसा नाकात गेला, शिंक आली, आणि डोळे उघडेपर्यंत करवतीने आपलं काम केलं होतं. कुणाला वाचवलं नाही, कुणी वाचवलं नाही. तेव्हा तर आमचं लग्नही ठरलं नव्हतं. माझ्या आईने विचारलं होतं, बोट नसलेला चालेल का? मी म्हटलं, नाक आहे ना? शिंकेवर मतं मिळत असतील तर साहेबांना खुशाल लिहू दे.

आता मोज्यांचं ऐक. अंगणात सराव केला. क्यूबेइ आले होते, ते लोक झाले, आणि हे आमच्या हातगाडीवर चढून उमेदवार झाले. हात हलवला की चार बोटं हलतात आणि पाचवं मागून येतं, उशीर झालेल्या पाहुण्यासारखं. वारा आला तर ते उलटंच वळतं. मी हसून हसून ओट्यावर बसले. हे पण हसले. म्हणाले, इतक्या वर्षांनी पाहुणा परत आलाय, त्याला सवय होईपर्यंत धीर धरा. क्यूबेइ मात्र हसले नाहीत.

मला वाटलं, त्यांची दाढ दुखत असेल. तुला ठाऊक आहे, क्यूबेइ म्हणजे ह्यांच्याबरोबर एकाच करवतीवर उभे राहिलेले. त्यांची डाव्या हाताची दोन गेलीत, आणि तो हात वर करूनच ते आयुष्यभर भांडले, वाटाघाटी केल्या, नाचले सुद्धा. त्या दिवशी चहा दिला तर त्यांनी तो उजव्या हाताने घेतला आणि डावा बाहीत ओढून घेतला. मी म्हटलं, थंडी वाजतेय का? म्हणाले, नाही, वहिनी, गाडीवर मी शेजारी उभा राहणार, तोकुजीने झाकलंय तर मी उघडं टाकून कसं चालेल, त्याचं काम बिघडेल.

तेव्हापासून बघते आहे, गिरणीतल्या सगळ्यांचंच तसं झालंय. मंडळाच्या बैठकीत हात टेबलाखाली. सार्वजनिक न्हाणीत हातावर पंचा. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. डोंगरदेवाच्या दिवशी हीच माणसं लांब फळीवर पंजे मांडून बसायची, आणि सगळ्यात लहान पोराला बोटं मोजायला लावायची. आकडा कधी जुळायचा नाही. मग म्हणायची, बाकीची देवाकडे ठेव आहेत, म्हणून तर देव आपल्याला विसरत नाही. किती हसायचो गं! तूही मोजली होतीस एकदा, आठवतं?

तुला दोष देत नाही हो. तू आपल्या भल्यासाठीच केलंस, आणि वसाहतीतल्या बायका आता वाण्याकडे मला नमस्कार करतात. पोस्टर छान आलंय. शेजारीण म्हणाली, तोकुजीसान अगदी दुसऱ्या कुणासारखे दिसतात. तिला ते कौतुकाने म्हणायचं होतं.

वाळवलेला मुळा पाठवते. माया त्यातच बांधली आहे, वेगळी शोधू नकोस.

तुझी,
काकू

&nbsp;

ओसाका,
३ एप्रिल १९७९

ती. काकांस,
शि. सा. न.

काकूचं पत्र आल्यापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणते आहे. तिने मला दोष दिला नाही, म्हणून जास्त लागलं.

मी डोंगरदेवाच्या दिवशी बोटं मोजली होती ते मला नीट आठवतं. फळीच्या एका टोकाकडून सुरुवात केली होती. एकेका बोटावर मी बोट टेकवायची आणि जिथे नसेल तिथे थांबायची, तर तो हात लगेच म्हणायचा, इथे देव बसलाय, त्याला मोजू नकोस. मला ते खरंच वाटायचं. मी रिकाम्या जागेवर बोट टेकवायची नाही. तुमच्या हातापाशी आल्यावर मला अभिमान वाटला होता, की आमच्या घरीही देव बसलाय.

आणखी एक आठवतं. सहावी संपली तेव्हा मी पुढे शिकणार का, यावर घरी बोलणं चाललं होतं. गावातली मुलगी खालच्या शहरात ठेवायची म्हणजे काय, असं सगळे म्हणत होते. मी रुसून फळ्यांच्या ढिगामागे बसले होते. तुम्ही आलात आणि मला म्हणालात, वचन देतो, हवं तितकं शीक. करंगळीत करंगळी अडकवल्याशिवाय वचन पक्कं होत नाही, म्हणून मी करंगळी पुढे केली, आणि मग मला आठवलं की तुमच्या त्या हाताला करंगळी नाही. मला रडू आलं. तुम्ही शेजारचं बोट पुढे केलंत आणि म्हणालात, हे जास्त बळकट आहे, याने दिलेलं वचन मोडायला जास्त जोर लागतो. तुम्ही मोडलं नाहीत.

काका, मोजे तुम्हाला आवडत नसतील तर सांगा. फक्त प्रचाराचे थोडे दिवस आहेत, आणि शाळा कायमची आहे, असं मी स्वतःला समजावते आहे. माझं चुकतंय का, ते मला इथून दिसत नाही.

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी कानही धरा.

तुमची,
सायो

&nbsp;

मित्सुसे,
१६ एप्रिल १९७९

चि. सायो,
आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. हात दुखतो असं मी सांगायचो, ते खोटं होतं. लिहायला सुचत नाही, एवढंच.

मोज्यांचा राग नाही. तू शिवलेत, घालतो आहे. घाम येतो.

काल प्रचाराची गाडी निघाली. गल्लीगल्लीतून फिरलो. वसाहतीत लोक गॅलरीत आले, हात हलवले. आधी येत नव्हते. तेव्हा तुझ्या साहेबांचं बरोबर होतं म्हणायचं.

दुपारी वरच्या खोऱ्यात गेलो. पुलाशी सगळी माणसं जमली होती. पेपरवाला पण होता. मी बोललो. भोंगा खरखरत होता, बरंच कुणाला ऐकू गेलं नसेल, पण टाळ्या पडल्या. मग क्यूबेइची नात पुढे आली, नाओ. दुसरीत आहे. तिने सगळ्यांसमोर करंगळी पुढे केली आणि म्हणाली, शाळा बंद करणार नाही असं वचन द्या.

मी शेजारचं बोट देणार होतो, तुला दिलं होतं तसं. पण मोजा घातलेला. करंगळी जागेवर दिसत असताना दुसरं बोट दिलं तर माणसं विचारणार, का? पेपरवाला समोर. म्हणून तेच दिलं. कापसाचं.

तिने आपलं बोट अडकवलं, हलवलं, वचन घेताना पोरं म्हणतात ते गाणं म्हणाली. मग खाली बघत राहिली. मला विचारलं, आजोबा, दिलंत का वचन, माझ्या बोटाला काही लागलंच नाही. मी हो म्हटलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. ती गेली. क्यूबेइने तिला उचललं नाही, नुसतं उजव्या हाताने धरून नेलं.

फोटो आज पेपरात आला. मोठा आहे. कात्रण पाठवतो. चांगला फोटो आहे, सगळे म्हणतात.

एक काम कर. आणखी मोजे पाठवणार असशील तर त्या बोटात कापूस घट्ट भर. किंवा आत बांबूची काडी घाल. म्हणजे पुढच्या वेळी कुणी धरलं तर लागेल.

काकू मुळा मिळाला का विचारते. फार जागू नकोस. डोळे सांभाळ, ते तुझ्या बापाचे आहेत.

तुझा,
काका

&nbsp;

ओसाका,
१८ एप्रिल १९७९

ती. काका आणि ती. सौ. काकू यांस,
सा. न. वि. वि.

मुळा मिळाला, आणि कात्रणही.

ते मी पहिल्यांदा घाईत बघितलं तेव्हा मलाही आवडलं. पुढे पूल, मागे डोंगर, पांढऱ्या मोज्यातला हात आणि त्यात अडकलेलं लहानसं बोट. सेनो साहेब तर खुर्चीवरून उठले. म्हणाले, असा फोटो पैसे देऊन मिळत नाही, मोठ्या पेपरांकडे पाठवू, आता निवडणूक खिशात. मी त्यांच्यासमोर कात्रण धरून उभी होते. फोटोत सगळे हसताहेत, काका. तुम्ही ओठ मिटून हसताय, पोस्टरवर ठरवलं होतं तसं. क्यूबेइ काका अर्धवट हसताहेत आणि त्यांचा डावा हात पाठीमागे आहे. एकटी नाओ हसत नाही. ती बोटाकडे बघते आहे. ती वाट बघते आहे.

मला तिची जागा ठाऊक आहे, काका. मी फळ्यांच्या ढिगामागे तिथेच बसले होते. मला लागलं होतं. तुमचं बोट खरबरीत होतं, नखाखाली भुसा होता, आणि वचन देताना ते दुखेल इतकं दाबलंत. त्याच जोरावर मी परक्या शहरात राहिले. परीक्षेच्या दिवसांत रात्री भीती वाटली की मी ते बोट आठवायची. आणि मीच, त्या वचनावर शिकलेल्या मुलीने, नाओच्या हातात कापूस दिला.

मी साहेबांना सांगितलं की फोटो पाठवू नका, आणि मोजे मी बदलते आहे. ते रागावले नाहीत. खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, तुझे काका हरतील, समजतंय ना? मी म्हटलं, हरू शकतील. म्हणाले, मग शाळा जाईल. मी म्हटलं, जाईल, आणि त्यात माझाही वाटा असेल. ते म्हणाले, तू नक्की कुणासाठी काम करतेस तेच मला कळत नाही. मी तीच मुलगी आहे, जिला तुम्ही कसे आहात ते एका ओळीत सांगता आलं नव्हतं. ते अजून आलेलं नाही. पण तुम्ही कसे नाही, ते त्या फोटोत मला दिसलं.

काकू, मी खूप विचार केला. शाळा वाचली आणि गिरणीतली माणसं जन्मभर टेबलाखाली हात ठेवून बसली, तर आपण काय वाचवलं? नाओ मोठी झाल्यावर तिला वाटेलच की तिच्या आजोबांसारखे हात लाज वाटण्याजोगे असतात, म्हणून आपण तिच्या हाती कापूस दिला. आणि वसाहतीतल्या बायका वाईट नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नाही. आपण त्यांना सांगण्याऐवजी झाकलं, म्हणजे त्यांचंच खरं ठरवलं.

हातमोजे मात्र घालायचेच. सगळे घालतात, आणि एकट्यानेच मोज्यांशिवाय लोकांपुढे जाणं तुम्हालाच अवघड वाटेल. म्हणून मी नव्या जोड्या आणल्या. उजव्या मोज्याची करंगळी मुळापाशी कापली आणि तिथे बारीक शिवण घालून तोंड बंद केलं. आता तो मोजा तुमच्याच हाताचा आहे, दुसऱ्या कुणाला बसणार नाही. क्यूबेइ काकांसाठीही एक जोड आहे, डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट काढून. कुठली दोन, ते मला विचारावं लागलं नाही. मी मोजली होती. बाकीच्या गिरणीवाल्यांची बोटं मला इतकी नीट आठवत नाहीत, म्हणून कोरे मोजे, सुया आणि दोरा घातला आहे. काकू, ते तू त्यांच्यासमोर बसून कर. हसवत कर.

प्रचाराच्या गाडीवर भोंग्यातून बोलणाऱ्या मुलीला द्यायला एक कागद आहे. त्यावर लिहिलंय, निशिदे तोकुजी यांच्या उजव्या हाताला चार बोटं आहेत, पाचवं गिरणीत करवतीवर गेलं, आणि या गावात असे हात पुष्कळ आहेत, तुमच्या घरांच्या फळ्या त्यांनीच कापल्या. एवढंच. शिंकेचं लिहिलं नाही, कारण ती तुमची आहे. सांगावीशी वाटली तर तुम्ही सांगा. काकूला विचारलंत तर ती म्हणेल, सांगाच.

स्वच्छ हात हे शब्द गाडीवरून पुसून टाका. ते खोटे नव्हते, पण ते मी मोज्याकडे बघून लिहिले होते.

आणि काका, वरच्या खोऱ्यात पुन्हा एकदा जा. नाओला बोलवा. मोजा काढा, शेजारचं बोट द्या आणि तिला दुखेल इतकं दाबा.

कात्री लावण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कारण हात तुमचा आहे आणि हरलात तर तुम्ही हरणार आहात. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही शाळेसाठी कापूसच मागितला असता. पार्सल आज सकाळच्या गाडीने गेलं, शुक्रवारी, मतदानाच्या आधी, तुमच्या दारात असेल. जुन्या सहाही जोड्या काकूने उसवाव्यात आणि कापूस काकांच्या उशीत घालावा.

रागावलात तरी पत्र पाठवा, नाही पाठवलंत तरी मी पाठवीन. इतकी वर्षं मला जसं धरलं होतंत तसंच धरून ठेवा.

तुमची,
सायो